हातचं ईद कार्ड

ईदच्या चंद्राची बातमी येते आणि पाठोपाठ मोबाइलचा टणटणाट सुरू होतो. तेच चित्र, तोच मजकूर वीस ठिकाणांहून येतो आणि आपणही तो आणखी वीस जणांना पाठवून मोकळे होतो. यात वाईट काही नाही. सलाम कोणत्याही मार्गाने आला तरी तो सलामच, आणि त्याला जवाब देणे आपले काम. पण ईदच्या तिसऱ्या दिवशी कुणी विचारले की कोणाकोणाच्या शुभेच्छा आल्या होत्या, तर चार नावेही धड आठवत नाहीत. आमच्या घरात गेली तीन वर्षे रमजान लागला की कात्री, शाई आणि रंग बाहेर निघतात, त्याच्या मागे हे एक कारण आहे. दुसरे कारण आमची फूफी.

आम्ही म्हणजे दोघी जावा, आमची अम्मी म्हणजे सासूबाई, आणि दोघींची मिळून चार मुले. जुन्या नाशकात, दूध बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहतो. आमच्यापैकी थोरलीचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, धाकटीचे मराठी शाळेत. मुले चारही मराठी माध्यमात आहेत. घरात बोलणे दोन्ही भाषांत चालते, कोणते वाक्य कुठल्या भाषेत सुरू झाले आणि कुठल्या भाषेत संपले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. लिहिण्याची वेळ आली की मात्र घराचे दोन भाग होतात. अम्मी फक्त उर्दू वाचते, मुले फक्त देवनागरी आणि इंग्रजी.

फूफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, मालेगावला असते. नाशिकपासून शंभरेक किलोमीटरचा रस्ता, पण अब्बा गेले आणि तो लांबला. अब्बा होते तोवर ईदनंतरच्या पहिल्या रविवारी मालेगावला जाणे ठरलेले असे. त्यांच्यानंतर कधी परीक्षा, कधी आजारपण, कधी कामावरची रजा. फोन करावा तर फूफीला आता ऐकू येत नाही. तिची सून फोन कानाला लावून देते, आम्ही ओरडून बोलतो आणि ती "हां हां, खूश रहो" म्हणून फोन परत देते. आम्ही काय बोललो हे तिला कळलेले नसते, हे दोन्हीकडे ठाऊक असते. डोळे मात्र तिचे शाबूत आहेत. ऐंशीच्या पुढे गेली तरी रोज चष्मा लावून वाचत बसते. म्हणून अम्मीनेच सांगितले, "तिला ऐकू येत नाही ना, मग लिहून पाठवा."

आमच्या लहानपणी हे सोपे होते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बाजारात ईद कार्डांचे ठेले लागत. काबा, मदिनेचा हिरवा घुमट, ताजमहाल, गुलाबाची फुले, चमकी लावलेले चाँद. पाकिटाची पट्टी न चिकटवता नुसती आत खोचली की बुक पोस्टने ते स्वस्तात जाई. आता ते ठेले दिसत नाहीत. दुकानात वाढदिवसाचे कार्ड मिळते, ईदचे मागितले तर दुकानदार आत जाऊन जुना गठ्ठा धुंडाळतो. तेव्हा घरीच करायचे ठरले.

पहिला प्रश्न कागदाचा. महागडा कागद आणून उधळायचा आणि वर ईदच्या शुभेच्छा द्यायच्या, हे बरे दिसत नाही. फिजूलखर्ची आपल्या दीनला आवडत नाही, ती कागदाचीही नको. प्रत्येक घरात निकाहाच्या पत्रिकांचा ढीग असतो. चांगला जाड कागद, एक बाजू बऱ्याचदा कोरी. पण पत्रिकेवर बिस्मिल्लाह असते, कधी आयतही असते. तो भाग आधी कापून वेगळा काढायचा आणि अदबीने जपून ठेवायचा, हे काम अम्मीने स्वतःकडे घेतले आहे. त्याच विचाराने आम्ही आमच्या कार्डावरही आयत किंवा अल्लाहचे नाव लिहीत नाही. कार्ड पुढे कुठे जाईल, कोणत्या रद्दीत पडेल, हे आपल्या हातात नसते. 'ईद मुबारक' पुरेसे आहे, दुआ आपण मनाने करू शकतो. माणसांची किंवा प्राण्यांची चित्रेही काढत नाही. चाँद, तारा, पान, वेल आणि जाळी एवढ्यावर मुलांनी तीन वर्षे काढली, तरी त्यांना काही कमी पडल्याचे दिसत नाही.

शाळेत चित्रकलेच्या तासाला ठसेकाम शिकवतात, त्यामुळे मुलांना भेंडी आणि बटाटा ठाऊक होता. भेंडी आडवी कापली की बहुतेक वेळा पाच पाकळ्यांचा तारा मिळतो. चाँद कोरायला बटाटा बरा, पण कापल्यावर त्याला पाणी सुटते आणि रंग फिका पडतो, म्हणून तो फडक्याने टिपून थोडा वेळ पालथा ठेवायचा. अर्धा कांदा दाबला तर एकात एक कडी उमटतात. हे ठसे एका दिवसाचे. संध्याकाळपर्यंत बटाटा काळा पडतो आणि भेंडी सुकते. रोज नवा कापायचा, आणि उरलेली भाजी इफ्तारनंतरच्या जेवणात जाते.

टिकाऊ ठसा हवा तर खोडरबर घ्यावे. पाच-दहा रुपयांचे मोठे, मऊ खोडरबर आणि एक बारीक धारेचे पाते, एवढेच लागते. पाते मोठ्यांच्याच हातात असावे. कोरताना पाते अक्षराच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला तिरके धरायचे, म्हणजे अक्षराची बैठक रुंद राहते आणि दाबताना ते वाकत नाही. आत तिरके गेले की अक्षर खालून पोखरले जाते आणि दहाव्या कार्डाला तुटते. सगळ्यात सोपा आणि देखणा ठसा म्हणजे साधा चौकोन. तो एकदा सरळ दाबायचा, मग त्याच जागी अर्धा काटकोन फिरवून पुन्हा दाबायचा. आठ कोनांचा तारा तयार. आपल्या मशिदी-दर्ग्यांच्या जाळ्यांत जो तारा दिसतो, तो दोन चौकोनांतून निघतो हे मुलांना कागदावर करून पाहिल्यावर कळले. पुस्तकातला पंचेचाळीस अंशांचा कोन त्या दिवशी त्यांच्या हाताखालून गेला.

अक्षरांच्या ठशाची गंमत वेगळी आहे. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. पातळ कागदावर पेन्सिलने गडद अक्षर काढायचे, कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासायचा, अक्षर आपोआप उलटे उतरते. आम्ही दोन ठसे केले, एक देवनागरी 'ईद'चा आणि एक उर्दूचा. उर्दूत ऐन, ये आणि दाल उजवीकडून डावीकडे जातात. ठशावर ऐन डावीकडे आले आणि दाल उजवीकडे. देवनागरीतला 'ई' ठशावर उजवीकडे गेला आणि 'द' डावीकडे. थोरल्या मुलीने दोन्ही ठसे शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बडी अम्मी, ठशावर मराठी उर्दूसारखी जाते आणि उर्दू मराठीसारखी!" आम्ही दोघींनी पुन्हा वाकून पाहिले. खरेच होते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्डावर दोन्ही ठसे असतात, उर्दू उजव्या बाजूला आणि मराठी डाव्या बाजूला. दोन्ही मजकूर आपापल्या कडेपासून निघतात आणि कार्डाच्या मध्यावर भेटतात.

शाईचेही थोडे समजून घ्यावे लागते. कचेरीतल्या स्टॅम्प पॅडची शाई कागदात मुरते, लवकर सुकते, पण पाण्याचा थेंब पडला की फुटते आणि उन्हात विटते. काही शाया कागदात न मुरता वर बसतात, त्यांचा रंग जास्त टिकतो, पण चकचकीत पत्रिकेवर त्या सुकायला वेळ घेतात. ठसा उमटवल्याबरोबर कार्डावर कार्ड रचले की मेहनत वाया जाते. आमच्याकडे कार्डे दोरीवर चिमट्यांनी टांगतात, रात्रभर. पोस्टर रंग वापरायचा असेल तर तो स्पंजच्या तुकड्यावर घेऊन ठसा त्यावर टेकवावा, रंगात बुडवू नये. ठसा सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा, हलवायचा नाही.

आपले जुने कातिब शाई घरीच करत. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी, आणि लिहायला बोरूची कलम. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत शेकडो दिवे जळत, तर त्यांची काजळी हवेच्या प्रवाहाने एका खोलीत जमा होईल अशी रचना केली होती आणि त्या काजळीची शाई होई. भिंतीही काळ्या होत नसत आणि लिहिणाऱ्यांचेही काम होई. हे ऐकून धाकट्याने तव्याची काजळी खरवडून डिंकाच्या पाण्यात घोटली. शाई झाली खरी, फक्त जरा खरखरीत. काजळी खूप बारीक आणि खूप वेळ घोटावी लागते. तो मुलगा एका जागी पाच मिनिटे बसत नाही, पण त्या दिवशी अस्रपासून मगरिबपर्यंत खलबत्ता घेऊन बसला होता.

रंगासाठी नाशिककरांना दूर जायला नको. लासलगावच्या कांद्याचा व्यापार देशभर माहीत आहे, पण कांद्याचे वरचे पापुद्रे आपण फेकून देतो. ते मूठभर पापुद्रे पाण्यात उकळून गाळले आणि त्यात चिमूटभर तुरटी टाकली की सोनेरी-तांबूस रंग मिळतो. मालेगाव-सटाण्याकडच्या डाळिंबांची साल उकळली तर पिवळट रंग येतो, आणि त्यात गंजके खिळे टाकून ठेवले तर तोच रंग काळपट होत जातो. हळदीचा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो. कागदावर हळदीचे पाणी फिरवून सुकवायचे, मग पानाला लावतात त्या चुन्याची निवळी बारीक ब्रशने घेऊन त्यावर चाँद काढायचा. पिवळ्यावर लाल चाँद उगवतो. चुना डोळ्यात जाणार नाही याची काळजी मोठ्यांनी घ्यावी. हळदीचा रंग उजेडात लवकर उडतो, म्हणून तो कार्डाच्या आतल्या पानाला बरा, बाहेरच्या नको.

आणखी एक जुनी कला आहे, आबरी. पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीने हलवून ढगांसारखी नक्षी करायची आणि वर कागद टेकवून ती उचलून घ्यायची. 'अब्र' म्हणजे फारसीत ढग. मराठी-संस्कृतातला 'अभ्र' त्याचाच भाऊबंद आहे. तुर्कस्तानात हिला एब्रू म्हणतात आणि २०१४ मध्ये युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. पण ही कला आपल्या दख्खनलाही परकी नाही. सतराव्या शतकात आदिलशाही विजापूरच्या कारागिरांनी आबरीने नुसते कागदच नव्हे, चित्रेही केली आणि ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. घरी करायचे तर पसरट ट्रेमध्ये पाणी घ्यावे, तैलरंगात टर्पेंटाइन मिसळून तो पातळ करावा आणि थेंब थेंब सोडावा. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून रंग वरच राहतो. टर्पेंटाइन पेट घेते आणि वासही उग्र असतो, तेव्हा हे काम गच्चीवर किंवा खिडक्या उघडून, गॅसपासून लांब करावे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एक कागद दुसऱ्यासारखा कधीच उमटत नाही. ज्याला तो मिळतो, त्याचा तो एकट्याचाच.

अम्मीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिच्यासाठी मुलांनी उठावाचे कार्ड केले. जाड पुठ्ठ्यातून चाँद कापून काढायचा, त्या भोकावर कार्ड पालथे ठेवायचे आणि शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने कडेकडेने दाबत जायचे. पुढच्या बाजूला चाँद उचलून येतो. अम्मी त्यावर बोट फिरवते आणि म्हणते, "पहिला चाँद मलाच दिसला." उठाव ही टपालाच्या इतिहासातलीही मोठी गोष्ट आहे. आशियातले पहिले टपाल तिकीट १८५२ साली सिंध प्रांतात निघाले, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. ते तिकीट उठावाचेच होते. आधी लाल लाखेवर उठवले, ती लाख तडकू लागली. मग पांढऱ्या कागदावर बिनरंगाचा उठाव केला, तो दिव्याच्या उजेडात नीट दिसेना. शेवटी निळा रंग घेतला. सरकारलाही तीनदा करून पाहावे लागले, हे सांगितल्यावर मुलांना आपल्या बिघडलेल्या कार्डांचे फारसे वाईट वाटत नाही.

टपाल तिकिटांचा आणि आपल्या शहराचा संबंध तर फारच जवळचा. पूर्वी हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीतून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि तिकिटे इथे छापली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद' ही अक्षरे होती. तेही नाशिकचेच. ज्या शहरातून देशभर तिकिटे गेली, त्या शहरातल्या आमच्या मुलांनी तिकीट चिकटवून पाकीट कधी पेटीत टाकले नव्हते. तेव्हा कार्डे तयार झाली की आम्ही सगळे मिळून जीपीओला जातो. मुले आपापले पाकीट आपल्या हाताने टाकतात. ए-फोर आकाराचा २५० ग्रॅमी कागद अर्धा कापून दुमडला तर पाकिटासकट वजन २० ग्रॅमच्या आत राहते आणि पाच रुपयांच्या तिकिटात काम होते. टिकल्या-मणी चिकटवले की वजन वाढते आणि टपालाच्या शिक्क्याखाली मणी चुरडतात, म्हणून ते टाळावे. पत्ता बॉलपेनने लिहावा, शाईच्या पेनाने नको.

टपाल स्वस्त झाले म्हणूनच तर शुभेच्छापत्रे आली. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि तिसऱ्याच वर्षी हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले छापील कार्ड काढले. त्याच्याही फक्त रेषा छापलेल्या होत्या, रंग हातानेच भरला होता. अमेरिकेच्या टपाल खात्याने १ सप्टेंबर २००१ रोजी ईदचे तिकीट काढले, निळ्यावर सोनेरी 'ईद मुबारक'. ते लिहिणारे खुशनवीस मोहम्मद झकारिया मूळचे कॅलिफोर्नियाचे. त्यांनी इस्तंबूलच्या उस्तादांकडे शिकून लेखनाची सनद मिळवली होती. त्यानंतर दहाच दिवसांनी न्यूयॉर्कचे हल्ले झाले. तिकीट बंद करा अशी मागणीही झाली, पण ते बंद झाले नाही, पुढेही पुन्हा पुन्हा निघत राहिले. तिकिटाएवढ्या कागदावरचे दोन शब्द कधी कधी किती भार उचलतात, ते यावरून दिसते.

आमचे पहिले कार्ड मालेगावला गेले, त्यावर आठ कोनी तारा होता, दोन्ही लिपींत ईद मुबारक होते आणि आत थोरलीने उर्दूत चार ओळी लिहिल्या होत्या. खाली मुलांनी मराठीत नावे लिहिली. महिना झाला, काही उत्तर नाही. मग एक दिवस फूफीचा नातू कामासाठी नाशिकला आला आणि एक पुडके ठेवून गेला. ओढणीच्या जुन्या किनारीने बांधलेले. आत सात ईद कार्डे होती. अब्बांनी आपल्या बहिणीला वेगवेगळ्या वर्षी पाठवलेली. सगळ्यात जुन्यावर १९८४ चा नाशिकचा शिक्का होता. पाच कार्डे बाजारातली होती. दोन मात्र अब्बांनी स्वतः केलेली, चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदातून कापलेला चाँद, लाल शाईचे तारे आणि कडेला सुईने टोचून केलेली नक्षी. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हते. अम्मीलाही नाही.

थोरली मुलगी ते कार्ड हातात घेऊन बसली. दादांचे अक्षर तिच्यासमोर होते आणि तिला त्यातला एक शब्दही लागत नव्हता. "यात काय लिहिलंय?" तिने विचारले. थोरलीने वाचून दाखवले. अब्बांनी लिहिले होते की या ईदला रजा मिळत नाही, येणे होणार नाही, रागावू नकोस, माझ्या वाटणीचा शीरखुर्मा शेजारच्या पोराला दे. एवढेच. अम्मी उठून वझू करायला गेली. मुलगी म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचले. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा कोण वाचणार?"

त्या प्रश्नाने आम्ही दोघी गप्प झालो. मुलांना मराठी शाळेत घातले ते विचार करूनच, आणि त्यात आम्हाला आनंद आहे. मराठी आमची आहे. याच भाषेत मुले शिकतात, भांडतात, स्वप्ने पाहतात, याच भाषेत हा लेख आम्ही लिहितो आहोत. मुले कुरआन शरीफ नाजरा शिकली आहेत, म्हणजे अरबी अक्षरे त्यांना ओळखता येतात. पण अब्बांच्या हाताची घसटलेली उर्दू वाचणे वेगळे. घरात पेटीभर पत्रे असावीत, ती जपूनही ठेवलेली असावीत आणि पुढच्या पिढीला तो नुसता नक्षीचा कागद वाटावा, हे काही बरे नाही. यासाठी शाळा बदलायची गरज नाही. रोजची पंधरा मिनिटे पुरतात. अरबीत नसलेली पे, टे, चे, डाल, गाफ अशी थोडीच अक्षरे नवी शिकायची, बाकी ओळखीचीच असतात. थोरलीने शिकवायला सुरुवात केली आणि वहीच्या दुसऱ्या टोकाला मराठी शाळेतली धाकटी जाऊही बसू लागली.

पुढच्या ईदचे कार्ड मुलीने स्वतः लिहिले. अक्षर वाकडे, ओळ वर चढलेली, पण तिचे. जुन्या टूथब्रशने सोनेरी रंगाचे शिंतोडे उडवून तिने आकाश केले होते. पंधरा दिवसांत ते कार्ड मालेगावहून परत आले. आम्हाला वाटले, पत्ता चुकला. उघडले तर 'मुबारक'मधल्या 'रे'भोवती लाल पेन्सिलचा गोल होता. शिंतोड्यांतला एक ठिपका नेमका 'रे'वर पडला होता, आणि वर नुक्ता आला की 'रे'चे 'ज़े' होते. फूफीने तारे वगैरे काही पाहिले नव्हते, तिला नुक्ता दिसला होता. शेजारी तिने थरथरत्या हाताने लिहिले होते, 'मुबारकमध्ये ज़े नसतो. बाकी शाबास. अब दुरुस्त करके भेजो.' तेव्हापासून त्या दोघींचा पत्रव्यवहार सुरू आहे. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला अजून भराभर वाचता येत नाही, त्यामुळे दोघींनाही घाई नाही.

कुणी विचारते, रमजानमध्ये इबादत सोडून हे उद्योग कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही हे काम शाबानमध्येच सुरू करतो. कागद कापणे, ठसे कोरणे, रंग करणे रमजानपूर्वी उरकते. रमजानच्या पहिल्या दहा दिवसांत सुट्टीच्या दुपारी मुले ठसे उमटवतात आणि दुसऱ्या अशऱ्यात कार्डे टपालात पडतात. शेवटचे दहा दिवस मोकळे राहतात. आणि नातेवाइकांशी संबंध जोडून ठेवणे, सिलारहमी, हीदेखील दीनचीच शिकवण आहे. एकमेकांना भेट द्या, त्याने प्रेम वाढते, असे प्यारे नबी (स.) यांनी सांगितले. भेट महागच असावी, असे त्यांनी कुठे सांगितलेले नाही.

यंदा अकरा कार्डे करायची आहेत. शेजारच्या काकूंना एक जाईल, दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचे ताट येते. एक मुलांच्या चित्रकलेच्या सरांना. एक अशा घरी, जिथे दोन वर्षांपासून बोलणे बंद आहे. तिथे मोबाइलवरचा निरोप पाठवला तर तो उघडलाही जाणार नाही, पण पोस्टमनने हातात दिलेले पाकीट माणूस सहसा उघडून पाहतो. उत्तर येईल, न येईल. पाठवणे आपल्या हाती आहे, दिले फिरवणारा अल्लाह आहे.

भगिनींनो, तुमच्याही घरात पत्रिकांचा गठ्ठा असेल, खोडरबर असेल, कांद्याचे पापुद्रे तर असतीलच. आणि फोनवर ज्यांच्याशी बोलणे होत नाही, असे एखादे माणूस असेल. सगळ्यांना कार्ड पाठवणे होत नाही, तेव्हा पहिले त्याला पाठवा. आत चार ओळी स्वतःच्या हाताने लिहा, ज्या लिपीत त्याला वाचता येईल त्या लिपीत. आपल्याला ती लिपी येत नसेल तर घरात ज्याला येते त्याच्याजवळ बसून लिहा, आणि तो लिहील तेव्हा मुलांना शेजारी बसवा. अल्लाह आपल्या सर्वांची नाती सलामत ठेवो. आमीन.